अपग्रेड करताय? मग आधी लायसन्स बघा!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून होस्टेलमध्ये जिथे जावं तिथे एकच चर्चा, "विंडोज ११ टाकायचं का?" आणि त्यावर ठरलेलं उत्तर, "टाक की, फुकट आहे!" मित्रांनो, फुकट आहे हे खरं आहे. पण कोणाला आणि कशाच्या जोरावर, हे फार कमी जणांना माहीत असतं. आपण चार वर्षं प्रोसेसर, मेमरी आणि ऑपरेटिंग सिस्टिम शिकतो, पण जी ऑपरेटिंग सिस्टिम रोज वापरतो तिच्या लायसन्सचा एक परिच्छेदही वाचत नाही. 'आय ॲक्सेप्ट' वर क्लिक केलं की विषय संपला! म्हणून या लेखात त्याच न वाचलेल्या पानांबद्दल थोडं सांगायचं आहे.

आपण नक्की काय विकत घेतो?

दुकानातून पुस्तक घेतलं की ते आपलं झालं. मित्राला द्या, रद्दीत घाला, कोणी विचारणार नाही. सॉफ्टवेअरचं तसं नाही. विंडोज आपल्या मालकीचं कधीच होत नाही. आपण विकत घेतो ती फक्त ते वापरण्याची परवानगी, आणि या परवानगीलाच लायसन्स म्हणतात. रेल्वेचा पास काढला म्हणून गाडी आपली होत नाही, तसंच हे. पासावर नाव असतं, मार्ग असतो, क्लास असतो. लायसन्सलाही अशाच अटी असतात.

विंडोजचं लायसन्स मुख्यतः तीन प्रकारचं असतं.

१) ओईएम : कंपनीचा लॅपटॉप घेताना विंडोज आधीच टाकलेलं असतं, ते हे. हे लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. लॅपटॉप विकला तर लायसन्स त्याच्यासोबत जातं. लॅपटॉप भंगारात गेला तर लायसन्सही गेलं. रॅम वाढवा, हार्ड डिस्क बदला, काही फरक पडत नाही. पण जास्त चांगला हवा म्हणून मदरबोर्ड बदलला, तर मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे तो नवा कॉम्प्युटर ठरतो. मदरबोर्ड बिघडला म्हणून तसाच दुसरा बसवला, तर मात्र सवलत आहे.

२) रिटेल : हे वेगळे पैसे मोजून घेतलेलं विंडोज. ते एका मशीनवरून काढून दुसऱ्या मशीनवर टाकता येतं. अट एकच, एका वेळी एकाच मशीनवर. आणि इथे व्हर्च्युअल मशीनसुद्धा मशीनच धरतात! प्रोजेक्टसाठी एकाच लॅपटॉपवर विंडोजची तीन व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

३) व्हॉल्यूम : कॉलेज किंवा कंपनी एकदम अनेक मशीन्ससाठी घेते ते. हे लायसन्स संस्थेचं असतं, विद्यार्थ्याचं नाही. दुसरं म्हणजे डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे मुळात 'अपग्रेड' लायसन्स असतं. म्हणजे त्या मशीनवर आधीपासून एखादं पात्र विंडोज लायसन्स असावंच लागतं. रिकामा कॉम्प्युटर असेंबल करून त्यावर थेट व्हॉल्यूमची कॉपी टाकली, तर ती नियमात बसत नाही.

अपग्रेड म्हणजे नवीन हक्क नाही

आता मुख्य मुद्दा. अपग्रेड केल्यावर प्रोग्राम नवीन येतो, पण हक्क जुनाच राहतो. समजा, सेकंड क्लासचा पास जमा करून, फरकाचे पैसे भरून तुम्ही फर्स्ट क्लासचा पास घेतलात. मग तो जुना पास धाकट्या भावाला देता येईल का? नाही ना? विंडोजचंही अगदी तसंच आहे. विंडोज ७ च्या करारातच म्हटलं होतं की अपग्रेडनंतर नवा करार जुन्याची जागा घेतो आणि जुनं सॉफ्टवेअर वापरता येत नाही. त्यामुळे 'अपग्रेड करून झालं, आता जुनी की घरच्या पीसीला लावू' हा हिशोब चुकीचा आहे.

यातूनच दुसरा नियम निघतो. मूळ लायसन्स ओईएम असेल, तर अपग्रेडनंतरही ते ओईएमच राहतं, म्हणजे त्याच मशीनला बांधलेलं. आणि मूळ कॉपी पायरेटेड असेल तर अपग्रेड केल्याने ती शुद्ध होत नाही. गंगेत बुडवल्यासारखं पाप धुतलं जाईल, असं इथे काही नाही!

तिसरा नियम एडिशनचा. होमवरून होम, प्रोवरून प्रो. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हा विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना एक वर्ष फुकट अपग्रेड दिलं गेलं. त्यात ७ च्या स्टार्टर, होम बेसिक आणि होम प्रीमियमला १० होम मिळालं, तर प्रोफेशनल आणि अल्टिमेटला १० प्रो. एंटरप्राइज एडिशन्स या योजनेत नव्हत्याच.

चाललं म्हणजे चालतं का?

ही योजना २९ जुलै २०१६ ला संपली. पण गंमत अशी की त्यानंतरही अनेक वर्षं विंडोज ७ ची की टाकली तर विंडोज १० ॲक्टिव्हेट व्हायचं. मग सगळ्यांनी गृहीत धरलं की योजना अजून चालूच आहे. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मार्ग बंद केल्याचं जाहीर केलं. सांगताना त्यांनी हेही स्पष्ट केलं की योजना २०१६ मध्येच संपली होती.

यातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ॲक्टिव्हेशन वेगळं आणि लायसन्स वेगळं. ॲक्टिव्हेशन ही फक्त तांत्रिक तपासणी आहे. विंडोज १० पासून मशीनच्या हार्डवेअरवरून एक ओळख तयार होते, ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि तिला डिजिटल लायसन्स म्हणतात. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तर कंपनीच्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते. म्हणून तर फॉरमॅट मारल्यावरही विंडोज की न विचारता ॲक्टिव्हेट होतं. पण तिकीट तपासनीस भेटला नाही म्हणजे आपल्याकडे तिकीट होतं असं होत नाही. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या कीज्‌चंही तेच. त्यातल्या बऱ्याच कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम कीज् असतात. हिरवी टिक दिसते, पण हक्क मिळत नाही, आणि की ब्लॉक झाली की टिकही जाते.

लॅबमधली विंडोज पेन ड्राइव्हवर घरी नेणाऱ्यांसाठी खास माहिती : बऱ्याच संस्थांमध्ये केएमएस नावाची पद्धत असते. त्यात प्रत्येक मशीनला १८० दिवसांत किमान एकदा संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क करावा लागतो. तुमचा लॅपटॉप त्या नेटवर्कमध्ये परत गेला नाही, की सहा महिन्यांनी ॲक्टिव्हेशन संपलं. मग लोक 'ॲक्टिव्हेटर' शोधतात. हा प्रोग्राम चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घराचं कुलूप उघडून चोरालाच राखणीला बसवायचं, यातला हा प्रकार!

स्वतः कसं तपासायचं?

कमांड प्रॉम्प्ट उघडा. एस-एल-एम-जी-आर टाइप करा, स्पेस द्या, मग स्लॅश आणि डी-एल-आय. एक छोटी खिडकी उघडेल. त्यात 'चॅनेल' च्या आधी ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम असं लिहिलेलं दिसेल. पण एक लक्षात ठेवा : विंडोज ७ वरून फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवर इथे अनेकदा 'रिटेल' दिसतं, कारण अपग्रेडच्या वेळी एक सर्वसाधारण की बसवली जाते. तरी हक्क मूळ लायसन्सचाच. म्हणून खरा पुरावा म्हणजे खरेदीची पावती. ती जपून ठेवा. सेकंड हँड लॅपटॉप घेताना तर नक्की मागा.

कायदा काय म्हणतो?

भारतात कॉम्प्युटर प्रोग्रामला कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. त्याच्या कलम ६३ब प्रमाणे, बेकायदेशीर कॉपी आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं.

इथे आपल्यापैकी अनेकांनी थांबून विचार करावा. अभ्यासासाठी वापरणं आणि त्याच लॅपटॉपवर पैसे घेऊन कोणाची वेबसाइट बनवून देणं, यात कायदा फरक करतो. थर्ड इयर, फायनल इयरला आपण फ्रीलान्सिंग सुरू करतो, दोघंतिघं मिळून स्टार्टअपची स्वप्नं बघतो. त्या दिवसापासून 'मी तर स्टुडंट आहे' ही सबब कमजोर होते. शिवाय उद्या आपण स्वतः लिहिलेला कोड विकणार आहोत. आपल्या मेहनतीचं लायसन्स लोकांनी पाळावं असं वाटत असेल, तर सुरुवात कुठून करायची?

मग करायचं काय?

तुमच्याकडे विंडोज १० चं खरं लायसन्स असेल आणि मशीन पात्र असेल, तर ११ चं अपग्रेड बिनधास्त घ्या, पैसे लागत नाहीत. पात्र म्हणजे टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. इथे लायसन्स असूनही हार्डवेअर आडवं येऊ शकतं. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट्स देण्याची सोय जाहीर केली होती.

आणि लायसन्सच नसेल तर? सरळ लिनक्सकडे वळा. लिनक्सचं कर्नल जीपीएल लायसन्सखाली आहे. म्हणजे तिथेही लायसन्स आहेच, पण ते वापरायला, अभ्यासायला, बदलायला आणि वाटायला परवानगी देतं. अट मुख्यतः एकच : बदललेलं वाटलंत तर त्याचा सोर्स कोडही द्या. उबुंटू, फेडोरा किंवा आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स, कोणतंही घ्या. अपग्रेड करताना ना की, ना पावती, ना भीती. घरच्यांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला जुना लॅपटॉपही त्यावर अजून काही वर्षं आरामात चालेल.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी 'आय ॲक्सेप्ट' वर क्लिक करण्याआधी स्वतःला तीनच प्रश्न विचारा : माझं मूळ लायसन्स कोणतं? ते कोणत्या मशीनला बांधलेलं आहे? आणि त्याची पावती कुठे आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर खुशाल क्लिक करा!