रात्रीची भाकरी सोडू नकोस

अगं, दहावीत तीन हजार मीटरला जे टायमिंग यायचं तेच बारावीतही येतंय, उलट चार सेकंद जास्तच, म्हणून तू रडवेली झालीयेस. कॉलेजच्या संघात आता मला कोण घेणार, असं विचारलंस. आणि त्याच दमात सांगितलंस की रात्रीची भाकरी बंद केलीय. टायमिंगची मला काळजी नाही. भाकरीची आहे, आणि खूप आहे.

सोळा ते एकोणीस या वयात मुलीचं अंग भरतं, वजन वाढतं. कितीतरी जणींचं टायमिंग त्या काळात वर्ष-दोन वर्षं जागचं हलत नाही. मुलांच्या अंगात नेमकी त्याच वयात ताकद येते आणि ते झपाट्याने पुढे जातात. एकाच मैदानावर रोज हे बघताना वाटतं, आपणच कुठेतरी कमी पडतोय. मग कुणीतरी सहज बोलून जातं, 'दोन किलो उतरव, आपोआप पळशील.' माझ्याबरोबर पळणाऱ्या किती गुणी मुलींना या एका वाक्याने घरी बसवलं! त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अंगात काय होतं ते नीट समजून घे. मेहनत जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी लांबते, मग बंद होते. इस्ट्रोजेन घटतं, हाडं कमकुवत होतात आणि एक दिवस नडगीवर बोट ठेवावं तिथे, त्याच एका जागी, कळ येते. ते स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. मलम चोळून, पट्टी बांधून त्यावर पळायचं नसतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या सगळ्या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. तरी मैदानावर पाळी थांबली की 'बरं झालं, सुटले' म्हणणाऱ्या मुली आजही आहेत. तू तसं म्हणू नकोस. तीन महिने पाळी आली नाही तर आईला सांग आणि डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घे. शरीरातला लोहाचा साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसतं, आणि शेवटच्या दोन लॅपना पाय उचलत नाहीत म्हणून आपण स्वतःलाच बोल लावत बसतो.

तेव्हा आज रात्रीपासून भाकरी सुरू. सकाळी पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटात काहीतरी जाऊ दे: शेंगदाणे-गूळ, दूध, केळं, उकडलेलं अंडं, घरात असेल ते. आणि सरांनी हळू पळायला सांगितलंय त्या दिवशी खरंच हळू पळ, बोलता येईल इतकं हळू.

घाई कशासाठी करायची, सांग ना! सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं तेव्हा ती 25 वर्षांची होती. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, तेव्हा 27 वर्षांची. बीडचा अविनाश साबळे तर बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेसकडे वळला 2017 साली, म्हणजे विशी ओलांडल्यावर. लांब पल्ल्याचं पळणं वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर उभं राहतं. कॉलेजची वर्षं त्या मेहनतीसाठीच हवीत. नाशिकच्या संजीवनी जाधवने 2017 साली तैपेईला दहा हजार मीटरचं रौप्य घेतलं, ती जागतिक विद्यापीठ स्पर्धाच होती.

आता कॉलेजचं. नुसतं नाव आणि कटऑफ बघून अर्ज भरू नकोस. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. ही वाट तुला तीन वर्षं चालायची आहे, म्हणून ती कुणाच्या हाताखाली चालणार ते आधी बघ. पहाटे साडेपाचला त्या मैदानावर जा. मुली किती येतात, सर स्वतः हजर असतात का, मातीवर पळायला जागा आहे की सगळं डांबरीवरच, हे डोळ्यांनी बघ. मग तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचार, 'तुमच्याबरोबर पहिल्या वर्षाला आलेल्या किती जणी अजून पळताहेत?' माझ्या मते याहून मोलाचा दुसरा प्रश्न नाही. बहुतेक जणी दुखापतीने गेल्या असतील तर तिथली पदकं कितीही चमकू देत, तू जाऊ नकोस. आणि एखाद्या सरांनी पहिल्याच भेटीत टायमिंगच्या आधी वजन विचारलं, तर मला त्याच दिवशी फोन कर.

क्रीडा विभागात जाशील तेव्हा स्पर्धेमुळे बुडलेली हजेरी आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांचं काय करतात तेही विचारून घे. शाळेपासूनची सगळी प्रमाणपत्रं, मूळ प्रती, एका फाइलमध्ये लावून ठेव. पुढे सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांची पडताळणी होते.

जाताना आईला बरोबर ने. वसतिगृहात सकाळचा नाश्ता किती वाजता मिळतो हे तिला विचारू दे. साडेनवाला मिळत असेल तर खोलीत दूध तापवायची, अंडी उकडायची परवानगी आहे का, तेही तिलाच विचारायला सांग. अशा बाबतीत ती तुझ्यासारखी लाजणार नाही.