आधी घरातल्या कुत्र्यांचा विचार करा

घरात एक-दोन कुत्री असताना आणखी एक आणायचं ठरलं, की पहिला प्रश्न निघतो जातीचा. लॅब्रॅडॉर घ्यावा की जर्मन शेफर्ड, बीगल बरा की हस्की, यावर घरात रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं. ज्यांना या नव्या जिवाबरोबर चोवीस तास राहायचंय, त्या आधीच्या कुत्र्यांचा विषय मात्र शेवटी निघतो, कधी निघतच नाही. निवडीची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगतो.

आमचं घर गावाच्या कडेला. पुढे मोठं अंगण, मागे थोडी शेती. घरात दोन कुत्री होती. चिंगी म्हणजे पांढरी स्पिट्झ, जिला आपल्याकडे सगळे पॉमेरियन म्हणतात. आईजवळ वाढलेली, वयाने थोराड. दुसरा वाघ्या, गावठी, दारात आला आणि आमचाच झाला. ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम अशा देशी जातींची नावं घेतली आणि देशी कुत्रा पाळण्याची चर्चा घरोघरी सुरू झाली. ती आमच्याकडेही झाली. विजापूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून धाकट्या भावाने कारवानीचं पिल्लू आणलं. त्याचं नाव ठेवलं बाजी.

पहिले काही महिने छान गेले. वाघ्याने बाजीला अंगाखांद्यावर खेळवलं. चिंगी एकदा गुरगुरली की तो मुकाट्याने मागे सरकायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, जमलं बरं का यांचं. आम्हालाही तसंच वाटत होतं.

बाजी वर्षाच्या आसपास आला तेव्हा त्याचे पाय लांब झाले, छाती खोल झाली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला तो डोळ्यांदेखत पोचू लागला. एका संध्याकाळी दूधवाल्याची गाडी आली. चिंगी नेहमीसारखी भुंकत फाटकाकडे धावली. बाजीने मान वर केली, झेप घेतली, तिला पाठीवरून धरलं आणि हिसडा दिला. चिंगीच्या किंकाळीने तो थांबला नाही, आणखी आवळू लागला. भावाने त्याला मागून उचलला तेव्हा ती सुटली. पाठीवर बरेच टाके पडले. जीव वाचला, पण ती पुन्हा कधी एकटी अंगणात उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी दारापलीकडे चिंगी दिसताच बाजी शेपटी हलवू लागला. त्याच्या मनात राग नव्हता, आदल्या संध्याकाळीही नव्हता. आमच्या पशुवैद्यांनी समजावलं ते असं: कारवानी, पश्मी, मुधोळ, रामपूर हाउंड ही नजरेने शिकार करणारी कुत्री. माळरानावर ससा पळताना दिसला की क्षणात मागे लागायचं, गाठायचं, धरायचं, हिसडायचं. याच गुणावर माणसांनी पिढ्यानपिढ्या त्यांची निवड केली. पळणारं, लहान, किंचाळणारं जनावर समोर आलं की ती चिंगी आहे हे त्या क्षणापुरतं उरत नाही. घरात निवांत बसलेली चिंगी त्याची सोबतीण होती, अंगणात धावणारी चिंगी शिकार झाली.

त्यानंतर दोघं कधी एकत्र मोकळी सुटली नाहीत. मधलं दार बंद, फिरायच्या वेळा वेगळ्या. पुढे भावाने शेतावर घर बांधलं आणि बाजी त्याच्याबरोबर गेला. वाघ्याचं आणि त्याचं आजही उत्तम जमतं. कारवानी वाईट असा अर्थ यातून कुणी काढू नये. मोठ्या कुत्र्यांच्या घरात, पळायला रान असताना, तो फार गुणी सोबती आहे.

जात नेमकं किती सांगते, हेही नीट समजून घ्यायला हवं. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय आराखडे त्यात तपासले होते. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून उलगडतो, असं त्यात दिसलं. माणसाचं ऐकण्याची वृत्ती जातीवरून थोडीफार ओळखता येते. कुत्रा किती लवकर चिडेल, हे जातीवरून जवळजवळ कळत नाही. म्हणून 'लॅब्रॅडॉर आहे, सगळ्यांशी जमवून घेईल' या भरवशावर राहू नये. जातीकडून एवढंच समजून घ्यावं: याचं शरीर कोणत्या कामासाठी घडलंय, आकार आणि वेग किती होणार, कशामागे धावायची ओढ असणार. स्वभाव त्या एका कुत्र्यालाच पाहून कळतो.

आता नवा कुत्रा आणणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

आधीच्या कुत्र्याचं वय आणि तब्येत पाहा. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारं पिल्लू आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा घरी शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा बरा. आधीचा कुत्रा तरणा, शिस्तीत वाढलेला, बोलावलं की येणारा असेल, तर पिल्लासाठी ती उत्तम वेळ. एकाच वेळी दोन पिल्लं मात्र आणू नयेत. ती एकमेकांतच गुंततात आणि शिकवणं फार अवघड होतं.

आकारातली तफावत नीट तोला. चिंगीसारखा पाच-सहा किलोंचा जीव घरात असेल, तर पाठलाग करणारी मोठी जात टाळावी. खेळातल्या धक्क्यानेही हाड मोडतं. घरात मांजर किंवा कोंबड्या असतील तर हाच विचार दुप्पट करावा. वेगाने धावणाऱ्या हस्कीलाही लहान प्राण्यांमागे लागायची ओढ मोठी असते, शिवाय आपला उन्हाळा त्याला सोसत नाही. बीगल मूळचा कळपाने शिकार करणारा, त्यामुळे इतर कुत्र्यांत तो सहसा रमतो. पण त्याच्या आवाजाची शेजाऱ्यांनाही सवय करावी लागते.

नर-मादीचा विचार करा. घरातल्या कुत्र्यांच्या आपसातल्या भांडणांच्या ३८ प्रकरणांचा अमेरिकेतला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, आणि भांडण उकरून काढणारा बहुतेकदा घरात नंतर आलेला किंवा वयाने लहान कुत्रा होता. दोन माद्यांचं वैर मिटवणं विशेष कठीण जातं. नर-मादीची जोडी ठेवावी आणि नसबंदी करून घ्यावी, म्हणजे मादी माजावर आली की होणारा ताणही टळतो. तरीही हा एकच निकष पुरत नाही. बाजी नर, चिंगी मादी. त्या हिशेबाने जोडी योग्यच होती.

पिल्लू कुठून आणताय ते पाहा. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पिल्लाची आई पाहायला मिळाली पाहिजे. ती इतर कुत्र्यांशी कशी वागते हे पाहिलं की बरंच कळतं. पिल्लाच्या वयाचा तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सवयी रुजण्याचा असतो, म्हणून ते आधी कुठे आणि कसं वाढलं हे आवर्जून विचारा. निवारा केंद्रातला प्रौढ गावठी कुत्राही जरूर पाहा. त्याचा आकार ठरलेला असतो, स्वभाव दिसतो, आणि कायमचा घेण्याआधी तुमच्या कुत्र्याबरोबर त्याला चार वेळा फिरवून पाहता येतं.

आजारांची काळजी घ्या. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आधीच्या कुत्र्यांचे पार्वो, डिस्टेंपर आणि रेबीजचे बूस्टर वेळेवर झालेले असावेत. नव्याला जंताचं औषध द्यावं, गोचीड पाहावेत आणि साधारण दोन आठवडे त्याला वेगळं ठेवावं.

पहिली भेट घरात नको. कुणाचीच हद्द नसलेल्या मोकळ्या जागी, पट्टे सैल ठेवून, दोघांना थोड्या अंतरावरून एकाच दिशेने चालवावं. मग अंतर कमी करावं. घरी आल्यावर भांडी वेगळी, झोपायच्या जागा वेगळ्या, हाडं आणि आवडती खेळणी उचललेली. कुणीतरी लक्ष ठेवायला असल्याशिवाय त्यांना एकत्र सोडू नये. लहान आणि मोठा कुत्रा असेल तर ही शिस्त कायमची.

गुरगुरणाऱ्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना असते. ती मार देऊन बंद केली, तर पुढच्या वेळी तो थेट चावतो. अंग ताठ होणं, तोंड बंद करून एकटक पाहणं, खेळताना एकच कुत्रा सतत पळत राहणं आणि दुसरा सतत मागे असणं ही लक्षणं दिसली की शांतपणे दोघांना वेगळं करा. भांडण जुंपलंच तर मधे हात घालू नका. पाणी ओता, मधे पाट किंवा खुर्ची सरकवा.

आणि पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून एक गोष्ट ठरवावी: यांचं कधीच जमलं नाही, तर पुढची दहा-बारा वर्षं रोज दोन वेगळ्या फेऱ्या, दोन वेगळ्या खोल्या आणि बंद दारं कोण सांभाळणार? उत्तरात एका माणसाचं नाव ठामपणे आलं, तर जरूर आणा. नाव येत नसेल, तर अजून थांबा आणि आहेत त्यांच्यावर भरपूर माया करा.