भाजले तर आधी पाणी

घर म्हटले की चूल आली, आणि चूल म्हटली की चटका आला. ज्या घरातल्या एकाही बाईच्या मनगटावर तव्याचा किंवा कढईचा जुना डाग नाही, असे घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. गॅसची शेगडी आली, कुकर आला, तरी हा डाग काही गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. लहानसहान चटक्यांची तर कोणी गणतीच करीत नाही. “एवढं काय त्यात!” असे म्हणून बाई पुन्हा कामाला लागते. प्रस्तुत लेखात अशा लहान भाजण्याचाच विचार करावयाचा आहे. कारण त्यावरचा पहिला उपचार डॉक्टर करीत नाहीत, घरातलेच कोणीतरी करते.

प्रथम, भाजते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. आपल्या त्वचेचे मुख्य थर दोन : बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. केवळ वरचा थर भाजला तर जागा लाल होते, आग होते, पण फोड येत नाही. आठवडाभरात ती बहुधा बरी होते. उष्णता आतल्या थरात पोहोचली की पाण्याने भरलेले फोड येतात व फार दुखते. असे फोड वरवरचे असतील तर दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. दोन्ही थर पूर्ण जळाले तर जागा पांढरी, तपकिरी किंवा काळी पडते, चामड्यासारखी कडक होते, आणि तेथल्या नसाच जळाल्यामुळे दुखतही नाही. म्हणून “दुखत नाही, म्हणजे थोडंच भाजलंय” हा समज घातक आहे. शिवाय भाजायला उकळतेच पाणी लागते असेही नाही. ६० अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढ माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजू शकते. लहान मुलांची कातडी पातळ असते, तिला तेवढाही वेळ लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. चूल विझवली तरी तवा लगेच निवत नाही. त्यावरची भाकरी काही वेळ भाजतच राहते. कातडीचेही तसेच होते. हात विस्तवापासून दूर घेतला तरी आत शिरलेली उष्णता आपले काम चालूच ठेवते. ती बाहेर काढणे हाच खरा प्रथमोपचार होय, आणि ते काम साधे थंड पाणी करते. भाजलेली जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. दोन मिनिटांत आग कमी झाली म्हणून हात काढून घेऊ नये. उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांपर्यंत या उपायाचा लाभ होतो. बर्फ मात्र लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आकसतात व कातडीची हानी वाढते.

कोणी विचारील, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे २० मिनिटे नळ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. आमच्याही गावचा तोच आहे. अशा वेळी तांब्याने बारीक धार धरावी व खाली परात किंवा बादली ठेवावी. ते पाणी झाडांना घालता येते. तेही शक्य नसेल तर स्वच्छ पाण्याच्या बादलीत हात बुडवून ठेवावा, किंवा ओले सुती फडके ठेवून ते वरचेवर बदलावे.

पाण्याखाली हात असतानाच अंगठी, बांगड्या, जोडवी काढून घ्यावीत. बांगडी उतरवायला आपल्या बायका सहजी तयार होत नाहीत. पण सूज चढल्यावर ती निघत नाही, रक्तप्रवाह अडतो आणि शेवटी कापावी लागते. कापण्यापेक्षा उतरवणे बरे, असे समजावून सांगावे. कापड कातडीला चिकटले असेल तर ते ओढू नये. फोड फोडू नयेत. फोडावरची कातडी ही निसर्गाने घातलेली पट्टीच होय. नंतर धुऊन वाळवलेले सुती कापड सैलसर गुंडाळावे.

आता घरगुती औषधांविषयी. तूप, खोबरेल, हळद, चुना, शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस अशी यादी मोठी आहे. तुपा-तेलाचा थर उष्णता आतच कोंडतो. हळद व शाई यांच्या रंगामुळे जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. चुना स्वतःच कातडी जाळतो. यातले काहीच निर्जंतुक नसते, आणि ते सगळे पुसून काढताना रोग्याचे हाल होतात ते वेगळेच.

हे मी केवळ पुस्तकी ज्ञान म्हणून लिहीत नाही. माझी आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मी अकरावीत असताना कुकरच्या वाफेने तिचे मनगट भाजले. तिथल्या बायकांनी मायेने शाई लावली, दुसऱ्या दिवशी फोड फुटला, त्यात पू झाला आणि तीन आठवडे तिची मजुरी बुडाली. हातावर पोट असलेल्या माणसाचा हात भाजतो तेव्हा घराचे पोट भाजते. पाणी तिथेही होते. फक्त ते औषध आहे हे कोणाला ठाऊक नव्हते.

कोणत्या वेळी घरी थांबू नये, तेही सांगितले पाहिजे. भाजलेली जागा रोग्याच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी असेल. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल. जागा पांढरी वा काळी पडली असेल. वीज किंवा रसायनाने भाजले असेल. रोगी लहान मूल, वृद्ध, गरोदर स्त्री किंवा मधुमेही असेल, तर पाणी घालून लगेच दवाखाना गाठावा. मात्र विजेने भाजले असल्यास आधी प्रवाह बंद करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. पुढे पू, ताप किंवा वाढती सूज दिसल्यासही दाखवावे, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजण माझ्यासारखेच घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. मलमाच्या नळीवरचे इंग्रजी वाचायला घरचे आपल्याच हाती देतात. “आजी, तुझं चुकतं” असे म्हटले तर ती ऐकणार नाही, आणि का ऐकावे? तिने शाई लावली ती मायेपोटीच. त्याऐवजी “आजी, आधी पाणी घालू, मग बघू” असे म्हणावे. वीस मिनिटांनी आग निवाली की बाकीचे तिला पाणीच पटवून देईल. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : पाणी २० मिनिटे, बांगड्या काढा, फोड फोडू नका, स्वच्छ कापड, १०८. तो स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी लावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकदा वाचून दाखवा.