सी-२० आहे का, ते आधी बघा

कॅलिफोर्नियात घराची फर्नेस आणि एसी बदलायचे असतील, तर दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं जरूर मागवा. पण किंमत बघण्याआधी प्रत्येकीचा परवाना क्रमांक लिहून घ्या. तो जाहिरातीत आणि करारावर छापणं बंधनकारक आहे. ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

हा क्रमांक राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या संकेतस्थळावर टाका. आधी नाव जुळवा. करारावर एक कंपनी आणि परवान्यावर दुसरी, असं दिसलं तर परवाना उसना घेतलेला असू शकतो. स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ हवी. परवान्याचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी होतं, म्हणून मुदत संपण्याची तारीखही बघा.

खरी गोम वर्गात आहे. घर गरम-थंड करण्याच्या कामाला सी-२० लागतो. तो मिळवायला चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सी-३८ म्हणजे रेफ्रिजरेशन: शीतगृहं, दुकानांतले मोठे फ्रीज. नाव जवळचं वाटलं तरी घरच्या एसीला तो चालत नाही. ‘बी’ हा जनरल कॉन्ट्रॅक्टर. अख्खं घर नव्यानं करताना तो ठीक, पण नुसती फर्नेस बदलायचं काम निव्वळ ‘बी’वर घेता येत नाही. टेक्सासमधल्या मित्राला विचारायला जाऊ नका. तिथले ए आणि बी हे वर्ग यंत्रणेच्या क्षमतेवरून पडतात, त्यांचा इथल्या ‘बी’शी संबंध नाही.

२५,००० डॉलरचा बाँड प्रत्येक परवानाधारकाला भरावाच लागतो. त्यामुळे ‘आम्ही बाँडेड आहोत’ या फुशारकीला तुलनेत शून्य गुण. कामगार विमा मात्र नीट तपासा. २०२३ पासून सी-२० वाल्याला, हाताखाली एकही माणूस नसला तरी, तो घ्यावा लागतो. काम करताना तुमच्या घराचं नुकसान झालं तर भरपाई देणारा लायबिलिटी विमा ही वेगळी गोष्ट, आणि तो बहुतेकांना सक्तीचा नाही. त्याचं प्रमाणपत्र मागूनच घ्या. बोर्डाच्या संकेतस्थळावरच्या त्याच पानावर शिस्तभंगाची कारवाई दिसली, तर ती उघडून वाचा.

उरलेल्यांत आता किंमत बघा. ‘परमिट तुमच्याच नावावर काढा, स्वस्त पडेल’ असं कुणी सुचवलं तर नकार द्या. तसं केल्यास कामाची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. आगाऊ रक्कम साधारणपणे कराराच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी कमी तेवढीच घेता येते. म्हणजे १५,००० डॉलरच्या कामालाही १,०००च.