शिक्का शेवटी बघ

अगं, ड्रेस्डेनच्या जुन्या बाजारात तुला फुलाफुलांचा पोर्सिलेनचा वाडगा आवडलाय ना? मग पैसे मोजण्याआधी माझं एवढं ऐक.

वाडगा हाती आला की जो तो आधी उलटा करून तळाचा शिक्का बघतो. तू शिक्का सगळ्यात शेवटी बघ. सॅक्सनीच्या ऑगस्टसनं १७१० साली मायसेनला पोर्सिलेनचा कारखाना काढला आणि १७२२च्या सुमारास तिथल्या मालावर दोन निळ्या तलवारींची खूण आली. तेव्हापासून त्या तलवारींच्या नकला चालूच आहेत. शिवाय ड्रेस्डेनमध्येच कोरी भांडी विकत घेऊन रंगवणारे पुष्कळ कारखानदार होते, त्यामुळे ‘ड्रेस्डेन’ म्हणून मिळणारा प्रत्येक वाडगा मायसेनचा नसतो. त्यांतलंही काही काम सुंदर असतं, पण त्याला मायसेनचा भाव देऊ नकोस.

सुरुवात बोटांनी कर. डोळे मिटून काठावरून सावकाश बोट फिरव. टवका गेलेला असेल तर तो डोळ्यांआधी बोटाला कळतो. अस्सल झिलई हाताला थंड आणि कडक लागते. एखादा भाग कोमट किंवा मऊसर वाटला, तर तिथे डागडुजी करून वरून रंग दिलाय असं समज. मग वाडगा डाव्या हाताच्या बोटांवर अलगद तोलून काठाला नखानं हळूच टिचकी मार. आवाज घुमला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. दिव्यासमोर धरलास की केसाएवढा तडाही रेघेसारखा दिसतो. विकणाऱ्याला विचारून मगच हे कर, आणि नेहमी टेबलावर मऊ कापड अंथरून.

आता भिंग काढ. दहापट मोठं दाखवणारं लहानसं भिंग पर्समध्ये ठेवच. एकच गुलाब निवड आणि पाकळीची कड बघ. कुंचल्याचं काम असेल तर रंग एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ दिसतो आणि शेजारचा गुलाब तंतोतंत तसाच नसतो. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. कधी बाह्यरेषा छापलेली आणि आतला रंग हाताचा असतो. घाईत माणूस तिथेच फसतो. सोनेरी मुलामा हात लागतो तिथे झिजलेला असावा. बुडाच्या कडेवर ओरखडे वाटेल तसे, आडवेतिडवे असावेत. सगळे एकाच दिशेनं गेलेले असतील तर कुणीतरी सँडपेपरनं घासून वय वाढवलंय.

एवढं झालं की मग शिक्का. जुन्या तलवारी बहुतेक झिलईखाली असतात, नखाला लागत नाहीत. मुठींमध्ये ठिपका असेल तर काळ साधारण १७६३ ते १७७४चा, चांदणी असेल तर १७७४ ते १८१४चा, पण आधीच्या सगळ्या परीक्षा पास झाल्या असतील तरच. तलवारींवर आडवी चीर मारलेली असेल तर तो माल कारखान्यानंच दुय्यम ठरवून किंवा न रंगवता विकलेला. तळाला इंग्रजीत ‘जर्मनी’ लिहिलेलं असेल तर वाडगा बहुधा १८९१नंतरचा. अमेरिकेच्या कायद्यानं तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं.

बाजारात जाण्याआधी त्याच गावातल्या झ्विंगर राजवाड्यातला पोर्सिलेन संग्रह पाहून ये. एक दुपार तिथे काढलीस की अस्सल पांढरा रंग डोळ्यांत बसतो, आणि त्याची सर कुठल्याच पुस्तकाला नाही.

घेतलास तर त्यात खाणं वाढू नकोस, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. उकळत्या पाण्यात धुऊ नकोस, चिकटवायचा असेल तर जाणकाराकडे ने. आणि किंमत ठरवताना दुकानदार काय मागतो हे धरू नकोस. तसाच वाडगा, तशाच अवस्थेत, लिलावात प्रत्यक्ष कितीला गेला ते बघ. खरा भाव तोच.