लघुग्रह जवळून जातो, म्हणजे किती जवळून?



या वेळच्या भित्तीपत्रकासाठी गुरुजींनी मला विज्ञानाचा विषय दिला. "पृथ्वीजवळून प्रचंड लघुग्रह जाणार, मोठा धोका!" अशी बातमी वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर येते. मग पारावर चर्चा, नळावर चर्चा. कोणी म्हणतं, "आता जग बुडणार." कोणी म्हणतं, "काही नाही हो, सगळ्या थापा." ही दोन्ही बोलणी पुरती खरी नाहीत. खरे काय, ते मी पुस्तकांतून वाचून, गुरुजींना विचारून आणि पटांगणावर मोजून लिहीत आहे.

लघुग्रह म्हणजे काय?

सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसेच लाखो लहानमोठे दगडही फिरतात. ग्रह तयार झाले तेव्हा उरलेला हा माल आहे. घर बांधून झाल्यावर अंगणात विटांचे तुकडे उरतात की नाही, तसाच. त्यांना लघुग्रह म्हणतात. पहिला लघुग्रह १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पियाझी नावाच्या शास्त्रज्ञाला दिसला. त्याचे नाव सेरेस. तो सर्वांत मोठा, म्हणून आता त्याला बटुग्रह असेही म्हणतात.

बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधल्या पट्ट्यात फिरतात. ते आपल्या वाटेला जात नाहीत. पण काहींची वाट पृथ्वीच्या वाटेजवळून जाते. बातम्या येतात त्या यांच्याच.

रात्री आपण "तारा तुटला" म्हणतो, तो तारा नसतो. वाळूच्या कणाएवढा किंवा खड्याएवढा तुकडा हवेत शिरून घासतो, तापतो आणि जळून जातो. ती उल्का. जो तुकडा पुरा न जळता जमिनीवर येऊन पडतो, त्याला अशनी म्हणतात.

पटांगणावर मोजून पाहिले

"जवळून" हा शब्द फसवा आहे. म्हणून आमच्या वर्गाने एक प्रयोग केला. तुम्हीही करून पाहा.

पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर आहे. आम्ही पृथ्वीच्या जागी ७ सेंटिमीटरचा चेंडू ठेवला. म्हणजे आमचा १ सेंटिमीटर झाला सुमारे १,८०० किलोमीटरचा. आता गणित करा. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तो आमच्या मापाने सुमारे २१० सेंटिमीटरवर, म्हणजे सात फुटांवर आला. चंद्र म्हणून आम्ही एक मोठी गोटी ठेवली. सूर्य ठेवायला मात्र गावाबाहेर ८०० मीटरपेक्षा लांब जावे लागले असते.

आता लघुग्रहाकडे या. ज्याची वाट पृथ्वीच्या वाटेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते आणि जो साधारण १४० मीटर किंवा त्याहून मोठा असतो, त्याला शास्त्रज्ञ "संभाव्य धोकादायक" या यादीत घालतात. ७५ लाख किलोमीटर म्हणजे आमच्या मापाने किती? चाळीस मीटरच्या वर! चेंडू शाळेच्या पायरीवर ठेवला, तर लघुग्रह पार पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला. आणि तो असा बारीक, की डोळ्यांना दिसणारच नाही.

मग त्याला धोकादायक का म्हणायचे? कारण ही पहाऱ्याची यादी आहे. "याच्यावर नजर ठेवा" एवढाच तिचा अर्थ. बातमीत मात्र "धोकादायक" हा एकच शब्द राहतो आणि अंतर गळून जाते.

मग धोका मुळीच नाही का?

आहे. तेही सांगितले पाहिजे. त्याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. बुलडाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आमची सहल तिथे गेली होती. काठावर उभे राहिले, की खाली पाण्याजवळची माणसे मुंगीएवढी दिसतात. ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. लवणासुर नावाचा दैत्य तिथे राहत होता आणि विष्णूने त्याला मारले, अशी कथा तिथले लोक सांगतात. दैत्यसूदनाचे सुंदर मंदिरही गावात आहे. काही जण हे विवर ज्वालामुखीचे समजत. पण १९७३ साली शास्त्रज्ञांनी तिथले खडक तपासून दाखवून दिले, की फार मोठ्या आघाताशिवाय खडक असे बदलत नाहीत. म्हणजे आभाळातून आलेल्या वस्तूनेच हे विवर पाडले. आपल्या घरांच्या भिंतीत असतो तसल्याच काळ्या दगडात!

दुसरे उदाहरण त्याहून फार मोठे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिको देशात सुमारे १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. डायनासोर नाहीसे झाले, त्याचे मोठे कारण हेच मानतात.

तिसरे उदाहरण ३० जून १९०८ चे. रशियातील सायबेरियात तुंगुस्का नदीच्या बाजूला एक वस्तू हवेतच फुटली. सुमारे २,००० चौरस किलोमीटरमधले जंगल आडवे झाले. तिथे वस्ती अगदी विरळ होती, म्हणून फार मोठा अनर्थ टळला.

पण घाबरण्याआधी एक नियम लक्षात ठेवा : मोठे दगड थोडे, लहान दगड पुष्कळ. धूळ आणि खडे तर रोज पडतात. मोटारगाडीएवढा दगड साधारण वर्षातून एकदा येतो आणि वरच्या हवेतच जळून फुटतो. साऱ्या जगाला संकटात टाकील एवढा मोठा लघुग्रह लाखो वर्षांतून एखादा येतो. आणि एक किलोमीटरपेक्षा मोठे असे जे लघुग्रह पृथ्वीजवळ येऊ शकतात, त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहेत. त्यांतला एकही पुढच्या शंभर वर्षांत आपल्यावर आदळणार नाही.

मधल्या आकाराच्यांचे तसे नाही. १४० मीटरच्या आसपासचे निम्म्याहून अधिक अजून सापडायचे आहेत. खरी काळजी आहे ती यांची आणि यांच्यापेक्षा लहान असलेल्यांची.

चेल्याबिन्स्कची शाळा

१५ फेब्रुवारी २०१३ ची गोष्ट ऐका. त्या दिवशी एक लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार, हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते. जगभरच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळलेल्या. तो ठरल्याप्रमाणे आला आणि मुकाट निघून गेला. पण त्याच दिवशी सकाळी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर भलताच एक दगड आला. त्याचा पहिल्याशी काही संबंध नव्हता. तो सूर्याच्या बाजूने आला, म्हणून कोणाला आधी दिसलाच नाही. रुंदी अवघी २० मीटरच्या आसपास, पण वेग सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर! या वेगाने पुण्याहून मुंबईला आठ सेकंदांत पोचता येईल.

तो जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला. आधी सूर्यापेक्षा लख्ख उजेड पडला. आवाज नाही, काही नाही. "काय झालं?" म्हणून लोक खिडक्यांशी धावले. दोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळाने हवेचा जबर धक्का आला आणि खिडक्यांच्या काचा फुटून अंगावर आल्या. सुमारे १,५०० माणसे जखमी झाली, ती बहुतेक काचांनी. सुदैवाने कोणीही दगावले नाही.

वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा येतो, हे आपण शिकलो आहोत. आवाजाला एक किलोमीटर जायला सुमारे ३ सेकंद लागतात. इथे दोन मिनिटे, म्हणजे १२० सेकंद लागले. १२० ला ३ ने भागा, ४० किलोमीटर आले. म्हणजे स्फोट चाळीस किलोमीटरपेक्षाही दूर झाला होता, तरी काचा फुटल्या.

त्या शहरात एका शाळेत चौथीचा वर्ग भरला होता. उजेड दिसताच बाईंनी मुलांना बाकांखाली शिरायला सांगितले. चाळीसहून जास्त मुले होती. एकालाही इजा झाली नाही. बाईंना स्वतःला मात्र काचा लागल्या. उजेड कशाचा, हे बाईंना तेव्हा माहीत नव्हते. तरी त्यांनी मुलांना खिडकीपासून दूर केले, म्हणून मुले वाचली. हा प्रसंग वाचून आमच्या वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

शेळीचे गणित

आता अलीकडची गोष्ट. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातील दुर्बिणीतून एक लघुग्रह सापडला. त्याचे नाव २०२४ वायआर४, रुंदी सुमारे ६० मीटर. तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता निघाली. ज्या पट्ट्यात तो पडू शकला असता, त्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. शक्यता आधी एक टक्का होती. १८ फेब्रुवारी २०२५ ला ती तीन टक्क्यांवर गेली. बातम्यांना ऊत आला. आणि पुढच्या आठवडाभरात ती जवळजवळ शून्यावर आली. लोक म्हणाले, "बघा, शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरंच."

तसे नाही. समजा, तुमची शेळी हरवली. ती दहा शेतांपैकी कुठल्या तरी एका शेतात आहे. तुमच्या बांधावरच्या शेतात असण्याची शक्यता दहात एक. पाच शेते पाहिली, तिथे नाही. आता तुमच्या शेताची शक्यता पाचात एक झाली, म्हणजे वाढली! शेळी तर जिथे आहे तिथेच आहे. इतक्यात शेजारच्या शेतात तिचा आवाज आला. तुमच्या शेताची शक्यता एकदम शून्य. शोध जसा पुढे जातो, तसे आकडे असे चढतात आणि उतरतात. आकडा बदलला म्हणजे कोणी थाप मारली असे नव्हे, शोध चालू आहे असा त्याचा अर्थ.

अपोफिस नावाच्या लघुग्रहाचेही असेच झाले. तो २००४ साली सापडला. रुंदी साडेतीनशे मीटरच्या आसपास. तेव्हा २०२९ साली तो आदळण्याची भीती वाटली होती. पुढे मोजमाप होत गेले, आणि २०२१ साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की निदान शंभर वर्षे तो आपल्यावर आदळत नाही. तो १३ एप्रिल २०२९ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिलच्या पहाटे, म्हणजे डॉ. आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. आमच्या चेंडूपासून अवघ्या १८ सेंटिमीटरवरून, एका वितीच्या आत! आपल्या छपरावरच्या डिशला चित्रे पाठवणारे उपग्रह याहून लांब, ३६,००० किलोमीटरवर आहेत. त्या दिवशी मोबाईलवर काय काय येईल, याची आताच कल्पना करा. आणि तेव्हा हा आकडा आठवा.

माणूस काय करू शकतो?

येणारा लघुग्रह बरीच वर्षे आधी कळला, तर त्याला बाजूला सारता येते. हे आता नुसते बोलणे राहिलेले नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने डार्ट नावाचे यान मुद्दाम एका लघुग्रहावर आदळवले. त्याचे नाव डिमॉर्फस, रुंदी सुमारे १६० मीटर. तो दुसऱ्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी घालत असे. धडकेनंतर फेरी सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. या दोघांपासून पृथ्वीला धोका नव्हता, म्हणूनच प्रयोगासाठी त्यांना निवडले. माणसाने आकाशातल्या एखाद्या गोलाची वाट बदलली, ती ही पहिलीच वेळ.

धक्का लहान असला तरी चालतो, पण तो लवकर द्यावा लागतो. शेताच्या वरच्या अंगाला पाटाचे तोंड दोन बोटे वळवले, की खाली पाणी दुसऱ्याच वाफ्यात जाते. खाली येऊन पाणी पोचल्यावर कितीही माती टाका, काय उपयोग? म्हणून आधी शोध, मग मोजमाप आणि मग उपाय.

आपण काय करावे?

आमचे आजोबा सांगतात, १९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून गावोगाव केवढी घबराट होती. ती लघुग्रह नव्हती, माणसाने बांधलेली अंतराळातली प्रयोगशाळा होती. शेवटी ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले. घबराटीचा कोणालाच फायदा झाला नाही. म्हणून माझी सर्वांना विनंती :

१) अशी बातमी आली, की पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. लघुग्रह केवढा? किती अंतरावरून जाणार? आणि हे सांगितले कोणी? यातले काहीच लिहिलेले नसेल, तर ती बातमी पुढे पाठवू नका.

२) आभाळात अचानक डोळे दिपवणारा उजेड दिसला, तर खिडकीशी धावू नका. काचेपासून दूर व्हा, खाली बसा आणि दोन-तीन मिनिटे थांबा.

३) लहान भावंडांना "जग बुडणार" असे सांगून भिववू नका. त्यांना चेंडू-गोटीचा प्रयोग करून दाखवा.

स्वाध्याय

(पालकांनीही सोडवायला हरकत नाही.)

१) एक लघुग्रह पृथ्वीपासून १८ लाख किलोमीटरवरून गेला. आमच्या मापाने तो चेंडूपासून किती मीटरवर येईल?
२) उजेडानंतर ९० सेकंदांनी आवाज आला. स्फोट किती दूर झाला?
३) उल्का आणि अशनी यांत फरक काय?
४) "संभाव्य धोकादायक" या यादीत नाव आले, म्हणजे लघुग्रह आदळणारच, हे विधान चूक की बरोबर? कारण द्या.

उत्तरे वहीत लिहून माझ्याकडे किंवा गुरुजींकडे द्यावीत. चेंडू आणि गोटी कपाटात ठेवली आहेत, मागून घ्यावीत आणि प्रयोग झाल्यावर जागेवर ठेवावीत.

— इयत्ता सातवी