डांगराखालची माती

डांगराच्या वेलावर कीड दिसली की जो तो पानं उलटून बघतो. बघावीतच, पण आधी उकिडवं बसून आळ्यातली माती उकरावी. परसातल्या डांगराला सगळ्यात जास्त छळणारे दोघे म्हणजे तांबडा भुंगेरा आणि फळमाशी. दोघेही वाढतात तेव्हा आयुष्याचा काही काळ जमिनीत काढतात. आमच्या घरात हे उमगलं ते एका जुन्या मच्छरदाणीमुळे.

सेलू तालुक्यातलं आमचं वालूर बाहेरच्यांना बारवेमुळे माहीत. परसात डांगर लावायची रीत मात्र गावोगावची. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांत डांगर हवंच, म्हणून मृगाचा पाऊस झाला की सासूबाई उकिरड्याच्या कडेला बिया खोचतात. रोप दोन पानांवर आलं की भुंगेरे हजर. जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा किडा, पाठ नारिंगी-तांबडी. मोठ्या वेलाची चार पानं खाल्ली तर वेल ती सोसतो, पण कोवळ्या रोपाची पहिली दोन पानं गेली की रोपच गेलं.

एका वर्षी रोपांवर मच्छरदाणी घातली. कडा मातीत दाबल्या, वर विटा ठेवल्या. कुठे बोटभर फट नव्हती. तरी आठवडाभरात जाळीच्या आत भुंगेरे फिरू लागले! जागा तीच होती, जिथे आदल्या हंगामात दोडका होता. मादी वेलाच्या बुडाशी ओलसर मातीत अंडी घालते, अळ्या मुळं खातात, मातीतच कोषात जातात आणि तिथूनच भुंगेरे होऊन वर येतात. आम्ही त्यांना वरून छप्परच घालून दिलं होतं. आत ना पक्षी, ना कोंबडी.

तेव्हा जाळी घालाच, पण जागा बदलून. जिथे काकडी, दोडका, कारलं, दुधी यांपैकी काही होतं तिथे लगेच डांगर नको. त्या जागी मेथी किंवा वांगी घ्या. जागा थोडी असेल तर उन्हाळ्यात आळं खोल खणून ढेकळं उलटी टाका. परभणीचं ऊन आणि साळुंक्या दोघं मिळून बरेच कोष संपवतात. चार-पाच पानं होईपर्यंत जाळी ठेवायची आणि फुलं येण्याआधी काढायची, नाहीतर मधमाशी आत यायची कुठून?

जाळी नसेल तर हात आहेतच. उजाडता उजाडता भुंगेरा गारठलेला, सुस्त असतो. साबणाच्या पाण्याचं भांडं पानाखाली धरून टिचकी मारायची. नऊ वाजता गेलात तर तो उडून शेजारच्या वेलावर. चुलीची राख दव असताना भुरभुरली तर पानावर चिकटते आणि भुंगेऱ्याला पान नकोसं होतं, पण एका सरीत सगळी धुऊन जाते. राख म्हणजे तात्पुरती सोय, त्यावर विसंबू नये.

फळमाशीचं दुखणं जास्त कपटी. फळ वरून चांगलं दिसतं, एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढा डाग आणि त्यातून डिंकासारखा थेंब. चिरलं की आत वळवळ. मादी कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. अळ्या गर खाऊन पोसल्या की फळातून बाहेर पडून मातीत शिरतात. म्हणून सडकं फळ उकिरड्यावर भिरकावणं म्हणजे पुढच्या पिढीची सोय करणं. ते दोन फूट खोल पुरा, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून भर उन्हात टाका. गल्लीत एका घरानं हे करून भागत नाही. शेजारच्या वेलाखाली सडलेली काकडी दिसली तर बोलायला लाजू नका.

सापळा घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. दुकानात ‘फळमाशीचा सापळा’ मागितला की कित्येकदा मिथाइल युजेनॉलचा हातात पडतो. तो आंब्या-पेरूच्या माशीचा. आमच्याही मांडवाला तसला एक लटकला होता आणि डांगरं किडतच होती. वेलवर्गीय फळांवरच्या माशीला क्यू ल्यूर लागतो, आणि त्याकडेही फक्त नर येतात. म्हणून सापळ्याच्या जोडीला फळ झाकायचं. फूल वाळून फळ लिंबाएवढं झालं की जुन्या धोतराची सैल पिशवी किंवा वर्तमानपत्राचे दोन पदर बांधा. फळ वाढेल तसं बांधणं सैल करा. साल टणक झाली की माशीला ती टोचता येत नाही. जमिनीवर टेकलेल्या फळाखाली फरशीचा तुकडा किंवा कडबा सरकवा, कारण भुंगेऱ्याच्या अळ्या खालूनही फळ पोखरतात.

कोवळं फळ पिवळं पडून गळलं की लगेच किडीवर खापर फोडतात. बहुतेकदा तिथे कीड नसतेच, परागीभवन झालेलं नसतं. डांगराची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात, मधमाशीला तेवढाच वेळ. सकाळी विष मारलं की कीड राहते आणि मधमाशी जाते. अशा वेळी नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलात टेकवावेत. मादीफुलाच्या देठाशी इवलंसं डांगर असतं, ओळखायला सोपं.

आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरात कपाशीवरच्या औषधाची उरलेली बाटली सापडते. ती डांगरावर उपडी करायचा मोह टाळा. या वेलाची फुलं आपण भज्यांना तोडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणाऱ्या शेकडो जणांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. तो भर शेतातला प्रकार, इथे तर स्वयंपाकघराची खिडकी वेलाला लागून. तणनाशकाचा पंपही वेलाजवळ आणू नका. नुसत्या वाऱ्यानं उडालेल्या तुषारांनीसुद्धा पानं आकसून वाकडी होतात.

निंबोळी अर्क पुरतो. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी फडक्यातून पिळून चिमूटभर साबण मिसळायचा आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचं. उन्हात त्याचा गुण जातो. किडे पटापट मरतील अशी आशा धरू नका, त्यानं त्यांचं खाणं कमी होतं.

याउपर अडलं तर किडकं फळ पिशवीत घालून थेट परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात घेऊन जा. नुसतं ‘कीड पडली’ म्हटल्यानं कुणाला काय कळणार? नवं बी घेणार असाल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का सूर्यमुखी’ हे वाण फळमाशीला बरंच पुरून उरतं. त्याचं फळ लहान, किलो-दीड किलोचं. चौकोनी कुटुंबाला पुरे. सासूबाईंना मात्र ते पसंत नाही. त्यांना सोळा भाज्या झाल्यावर घारग्यांनाही उरेल एवढं डांगर लागतं.